थापेचा बैल

आमच्या घरातल्या फळीवर सात लाकडी बैल आहेत. गावातली सर्वांत मोठी थाप मारल्याबद्दल मला ते बक्षीस मिळाले, आणि सातही वेळा मी अक्षरन् अक्षर खरं बोललो होतो.

आधी ही भानगड काय आहे ते सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पटांगणात आणतात, त्यांची पूजा होते, खाऊ मिळतो. हे सगळीकडेच आहे. पण आमच्या पळसटोल्यात त्याच दिवशी थापांची पैज लागते. थाप मारायची मोठ्यांनी, म्हणजे पंधरा पुरी झालेल्यांनी, आणि निकाल द्यायचा बारा वर्षांच्या आतल्या पोरांनी. पोरं एकमुखानं “थाप!” असं ओरडली की बैल तुमचा. मोठ्यांनी साक्ष द्यायची नाही, इशारा करायचा नाही, हा नियम. आणि गोष्ट खरी निघाली तर बाद.

पहिल्या वर्षी मी सांगितलं, “पूर्वी माणसं पैसे भरून एका पट्ट्यावर जागच्या जागी धावायची. तासभर धावली तरी पोचायची कोठीच नाई.” पोरं हसून हसून लोळली आणि बैल माझा झाला. दुसऱ्या वर्षी सांगितलं, की घरात नळ असताना माणसं बाटलीतलं पाणी विकत आणायची. तिसऱ्या वर्षी, भर मे महिन्यात माणसं अंगावर रजई घेऊन झोपायची, कारण खोली फार थंड करून ठेवायची. पन्नाशीची माणसं मान खाली घालून बसायची, कारण ती रजई त्यांनीही घेतलेली होती. बोलायचं मात्र कोणी नाही.

तेव्हापासून मी सुकदेव गभणे राहिलो नाही. मी थापेकाका झालो.

हे सगळं गेलं कसं, तेही सांगायला हवं. सतरा वर्षांपूर्वी कोणीतरी प्रयोगशाळेत प्लास्टिक खाणारा एक जिवाणू तयार केला. हेतू चांगला होता. शहराबाहेरचे कचऱ्याचे डोंगर त्यानं खाऊन संपवावेत, एवढंच. त्यानं ते संपवले, आणि मग वाऱ्यावर बसून तो जेवायला दुसरीकडे निघाला. लोकांनी त्याचं नाव चघळ्या ठेवलं. विजेच्या तारेवरचं आवरण म्हणजे चघळ्याचं पक्वान्न. आवरण गेलं की उघड्या तारा एकमेकींना भिडणार आणि ठिणगी उडणार. दोन वर्षांत वीज गेली, गाड्या थांबल्या, दवाखान्यातल्या नळ्या विरघळल्या, आणि जगानं कंदील शोधायला सुरुवात केली. मी नागपुरात फ्रीज दुरुस्त करायचो. फ्रीजच्या भिंतीत फेस भरलेला असतो, दाराला पट्टी असते, आत तारा असतात. चघळ्यानं माझा अख्खा धंदा गिळला आणि मी पोटुशी बायको घेऊन सासुरवाडीला, म्हणजे इथं पळसटोल्याला आलो.

महिनाभरात मुलगी झाली. पाळण्यात ती बारीक आवाजात सारखी गुणगुणायची, चालू फ्रीज जसा गुणगुणतो तशी. मला इतकं भरून आलं, की मी तिचं नाव रुंजी ठेवलं. बायको कुमुद म्हणाली, “बरं झालं, तुमी पंखे दुरुस्त करत नव्हते.”

रुंजी सहा वर्षांची झाल्यापासून मी तिला सगळं शिकवत आलो. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे होतं काय? लोहाराच्या भात्यावर सांधे कसे जोडायचे, नळी कशी वाकवायची, गळती कशी शोधायची. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत गेले तसे तिचे हात माझे डोळे झाले. गावात मला थापाड्या न म्हणणाऱ्या दोघीच होत्या, कुमुद आणि ती.

गेल्या वर्षी मी सातवा बैल जिंकला तो आगीच्या बर्फावर. “चुलीवर ठेवून बर्फ करता येते,” असं सांगितलं, तेव्हा पोरंच काय, म्हातारेही नियम मोडून खो खो हसले. फ्रीज त्यांना आठवत होता, पण तो विजेवर चालायचा. आग लावून बर्फ? सरपंच इंदूबाई डोळे पुसत म्हणाल्या, “सुकदेवभाऊ, आता हद्द झाली बाप्पा!”

यंदा पोळ्याच्या बारा दिवस आधी एक बैलगाडी वेशीपाशी आस मोडून बसली. गाडीतून डॉक्टर वीणा कुंभलकर उतरल्या. वैनगंगेपलीकडं, इथून दोन दिवसांच्या वाटेवर, एक लसघर आहे, तिथल्या त्या प्रमुख. आमचा सुतार म्हणाला, पोळ्याआधी आस होणार नाही, पोरांचे साठ बैल करायचे बाकी आहेत. बाईंनी त्याला घटसर्पाच्या लशीचं महत्त्व सांगितलं. त्यानं त्यांना बैलांचं सांगितलं. शेवटी बाईच राहिल्या.

संध्याकाळी चावडीवर गाव जमला. बाईंनी हात जोडून विचारलं, “इथं कोणीतरी आगीवर बर्फ करायचं सांगतात असं ऐकलं. ते कोण?”

सगळा गाव हसला आणि साठ बोटं माझ्याकडे झाली.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ओलं गोणपाट गुंडाळलेला एक माठ दाखवला. आत काचेच्या चाळीस कुप्या होत्या, वाटेतच वाया गेलेल्या. “गभणेभाऊ, लस आम्ही बनवू शकतो. पण ती थंड लागते. या माठात ती जेमतेम एक दिवस टिकते. एका दिवसाच्या वाटेपलीकडच्या गावांना आम्ही काहीच देऊ शकत नाही. मागच्या थंडीत नदीकाठच्या दोन गावांत सव्वीस पोरं गेली. मी फक्त मोजायला पोचले.”

मग त्या माझ्याकडे वळल्या.

“आमच्याकडे लोहार आहेत, लोखंड आहे, हत्यारं आहेत. जाणकार नाही. तुम्ही याल?”

मी डोळ्यांकडे बोट दाखवलं. तेव्हा त्या म्हणाल्या, “मग तुम्ही शिकवलेलं कोणी? तरुण हात हवेत. चार वर्षं तरी. गावोगावी फिरावं लागेल. काम जोखमीचं आहे, हे मी लपवत नाही.”

रुंजी माझ्या खांद्यामागं उभी होती. तिचा श्वास थांबलेला मला कळला. न बघताही तिचा चेहरा मला दिसत होता. मला आनंद झाला नाही, भीती वाटली. लोखंडी टाकीत दाबाखाली कोंडलेला अमोनिया म्हणजे काय, हे मी पाहिलेलं आहे. माझ्या उस्तादाच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती.

सात वर्षं खरं बोलूनही लोक मला खोटा म्हणत आले. आता एकदाच खोटं बोलायचं होतं, आणि ते सगळ्यांना लगेच पटणार होतं. इतकी सोपी थाप जगात कोणाच्या वाट्याला आली असेल?

“अवो मॅडम,” मी हसून म्हणालो, “थाप होती ते! पोरायले हसवासाठी सांगतलं. आगीवर कुठं बर्फ होते का?”

गाव पुन्हा हसला. बाईंनी माठावरचं गोणपाट नीट केलं. रुंजी निघून गेली होती.

घरी कुमुद भाकरी थापत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “सात वर्षं गाव तुमाले खोटारडा म्हणते. मी कधी म्हणलं नाई. आज म्हणते.”

“तुले पोरगी जड झाली का? चार वर्षं! अना ते टाकीचं काम!”

“रुंजी तीन महिन्यायची होती,” ती म्हणाली, “तवा मी तिले पाठीवर बांधून दोन दिवस चालत लसघरापर्यंत गेली होती. लस येत नाई म्हणून पोरगी नेली. तुमच्या टाचेले काटा रुतला होता, तुमी घरीच होते. सगळ्यायची माय चालू शकते का?”

यावर मी चिडलो. जेवण अर्धं टाकलं. मग भूक लागली, म्हणून पुन्हा येऊन जेवलो.

पुढचे आठ दिवस रुंजी माझ्याशी बोलली नाही. मीठ हवं असलं तरी आईच्या मार्फत मागायची. सकाळी जायची ती सूर्य मावळायला यायची. मी स्वतःची समजूत घालत होतो. जग बुडालं त्यात माझा काय दोष? शंभर गावांची पोरं एका पारड्यात आणि माझी एक दुसऱ्या पारड्यात. तराजू माझ्याच हातात असताना कोणता बाप दांडी मारणार नाही? सगळं पटत होतं. फक्त रुंजी समोर आली की पटेनासं व्हायचं.

नवव्या दिवशी दुपारी कल्हईवाला युसूफ रस्त्यात भेटला. प्लास्टिक गेल्यापासून घरोघरी तांब्या-पितळेची भांडी आली आहेत, त्यामुळे त्याचा धंदा जोरात आहे.

“काय सुकदेवभाऊ,” त्यानं डोळा मारला, “मोहाची दारू काढून राहिले का घरी?”

“काहून?”

“तुमची पोरगी तीन किलो नवसागर घेऊन गेली ना! बाबांनं मांगतलं म्हणे.”

मी तिथंच उभा राहिलो. नवसागर म्हणजे कल्हईच्या वेळी भांड्यावर टाकतात ती पांढरी खडी. त्यात चुना मिसळून तापवलं की नाकात सुई घालावी तसा वास सुटतो. तोच अमोनिया.

यंत्र तसं अगदी साधं आहे. दोन लोखंडी टाक्या आणि त्यांना जोडणारी एक लोखंडी नळी. तांबं-पितळ चालत नाही, अमोनिया ते खातो. पहिल्या टाकीत पाणी, आणि त्या पाण्यात विरघळलेला अमोनिया. टाकी आगीवर ठेवली की अमोनिया पाणी सोडून नळीतून दुसऱ्या टाकीत जातो. ती टाकी गार पाण्यात बुडवलेली असते, म्हणून दाबाखाली तिथं तो पातळ होऊन बसतो. मग आग काढायची आणि पहिली टाकी गार करायची. आता तिच्यातलं पाणी तहानलेलं असतं. ते अमोनियाला परत ओढतं. दुसऱ्या टाकीतला अमोनिया उकळून निघू लागतो, आणि जाताना आजूबाजूची सगळी उष्णता घेऊन जातो. घाम वाळताना अंग गार पडतं, तेच हे, फक्त शंभरपट. दीड तास आग आणि दिवसभर बर्फ. तार नाही, प्लास्टिक नाही, चघळ्याला खायला काही नाही.

हे सगळं रुंजीला पाठ होतं. पण एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. मुद्दाम नव्हे, गोष्ट रंगवताना कंटाळवाणा भाग गाळतो तसा तो गाळला गेला होता. पहिल्या टाकीला शिसं आणि कथील वितळवून केलेलं एक बूच लावतात. आग हाताबाहेर गेली तर टाकी फुटायच्या आधी बूच वितळतं आणि वाफ सुटून जाते. माझ्या उस्तादानं आळसानं ते लावलं नव्हतं. गेलेल्या दोन बोटांचा हिशेब तिथं होता.

मी पळालो. मोतीबिंदू झालेला बावन्न वर्षांचा माणूस धानाच्या बांधांवरून जसा पळेल तसा पळालो, म्हणजे दोनदा चिखलात गेलो. तळ्याकाठी लोहाराच्या छपराखाली बरीच माणसं जमलेली पुसट दिसत होती. आणि आग दिसत होती. आगीवर टाकी होती.

“आग काढ!” मी ओरडलो. “रुंजे, आग काढ! मी खोटं बोललो! थाप नाई ते! सगळं खरं आहे!”

माणसं वळली. इंदूबाई पुढं झाल्या. “म्हंजे, थाप मारली म्हणून सांगतलं, ते थाप होती का?”

“हाव!”

“मग आता सांगून राहिले ते?”

“ते खरं!”

“मंग गेल्या साली सांगतलं ते?”

“तेबी खरं! आधी आग काढा ना बाई!”

“हे प्रकरण पोरायलेच इचारा लागन,” इंदूबाई म्हणाल्या.

रुंजी आगीजवळ शांत बसली होती. डॉक्टरबाई तिच्या शेजारी. नवसागराची पिशवी दूर खुंटीला टांगलेली, तोंड बांधलेली.

“बाबा, टाकीत नुसतं पाणी आहे,” ती म्हणाली. “गळती पाहून राहिली मी. आधी पाण्यानं तपासायचं, हे तुमीच सांगतलं ना?”

मी तिच्या शेजारी येऊन बसलो.

“अमोनिया नाई भरला,” ती म्हणाली. “चार दिवस झाले, यंत्र तयार आहे. पण एवढा दाब वाढला तर तो जाईन कोठी, हे काही समजत नव्हतं. मले वाटलं, काहीतरी राहिलं आहे. तुमचं सांगायचं राहिलं आहे. मी तुमची वाट पाहून राहिली होती.”

माझे डोळे भरले. धुरानं नव्हे.

“मी थाप म्हणलं, ते तुले खरं नाई वाटलं?”

“नाई.”

“काहून?”

“खरं सांगता तवा तुमी लोकायचे चेहरे पाहता, मजा घेता. त्या दिवशी तुमी खाली पाहून राहिले होते.”

बाहेर कुमुद उभी होती. ती एवढंच म्हणाली, “धोतराले चिखल लागला. आता धुवाले मीच.” पण ती हसत होती.

मग मी सगळं सांगितलं. बूच, त्यातलं शिसं किती, कथील किती, ते कुठं बसवायचं, आग किती वेळ, किती लाकडं, बुचापुढं कोणी उभं राहायचं नाही. उस्तादाच्या दोन बोटांची गोष्टही पहिल्यांदाच पूर्ण सांगितली. रुंजीनं प्रत्येक आकडा दोनदा विचारून घेतला. डॉक्टरबाई वहीत लिहीत होत्या. युसूफनं कथील दिलं आणि निघताना हळूच विचारलं, “पक्कं ना भाऊ, दारू नाई?”

पहिल्या दिवशी पाणी फक्त गार झालं. दुसऱ्या दिवशी टाकीवर पांढरं दंव धरलं, आणि रुंजीनं त्यावर बोटानं माझं नाव लिहिलं.

तान्ह्या पोळ्याला पटांगण भरलं. साठ नवे बैल झूल घालून उभे होते. पैजेत आधी लोहारानं हत्तीला डास चावल्याची थाप मारली. ती पडली. मग मी उठणार, तर रुंजी उठली. यंदा ती पंधराची झाली होती, म्हणजे थाप मारायला मोकळी.

“मी चुलीवर गारा केल्या,” ती म्हणाली.

“थाप!” पोरं किंचाळली. गारा त्यांना माहीत होत्या. त्या आभाळातून पडतात.

रुंजीनं धानाचा कोंडा भरलेली सागवानी पेटी पुढं ओढली, झाकण उघडलं आणि पितळी गडवा पालथा केला. पटांगणातल्या उन्हात बर्फाचा गोळा धप्पकन पडला. त्याच्यातून वाफ निघत होती.

मग पोरांची मुख्य पंच, नऊ वर्षांची टुनी, पुढं आली. तिनं गोळ्याला बोट लावलं, झटकलं, मग जीभ लावली. तिचे डोळे एवढे मोठे झाले. पुढच्या क्षणी साठ पोरं त्या गोळ्यावर तुटून पडली. इंदूबाईंनी नियम मोडून एक तुकडा पळवला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाल्या, “अगं माय! बर्फाचा गोळा! वर लाल सरबत पायजे होतं!”

गोळा संपल्यावर टुनी दगडावर चढली आणि तिनं निकाल दिला.

“खरं निघालं! रुंजीताई बाद!”

“बाद!” पोरं ओरडली.

“अना थापेकाकाचा मागच्या सालचा बैलबी बाद! वापस करा!”

घरी जाऊन मी सातवा बैल आणला आणि दोन्ही हातांनी टुनीला दिला. आयुष्यात इतक्या अभिमानानं मी काही हरलो नव्हतो. तेवढ्यात तिच्या डोक्यात काहीतरी आलं. “काका, मंग ते जागच्या जागी धावणारे मानसं?”

मी आभाळाकडे पाहिलं. गावातली सगळी मोठी माणसंही आभाळाकडे पाहू लागली. यंदाचा बैल आणि वापस आलेला बैल, दोन्ही कोणाचेच नाहीत, म्हणून टुनीच्या ताब्यात राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराला सवड मिळाली आणि गाडीला नवी आस बसली. पेटीत बर्फ, मागं यंत्र; लसघरातून ताज्या कुप्या घेऊन त्या बर्फात ठेवायच्या. या वेळी बाई एका दिवसाच्या पलीकडं जाणार होत्या. वाटेवरच्या अकरा गावांची यादी त्यांनी केली होती. रुंजीचं गाठोडं कुमुदनं बांधलं. त्यात शिशा-कथिलाची सहा बुचं मी घातली होती, एक पुरतं तरी.

“दर पोळ्याले येईन,” रुंजी म्हणाली.

“येजो.”

“तुमी डोळे दाखवजा बाईले.”

“दाखवीन.”

ती वाकून पाया पडली. मग उभी राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बोलायचं बरंच होतं. पण गाव जमला होता, साठ पोरं जमली होती, आणि पोरीनं जाताना मागं वळून रडका बाप पाहू नये असं मला वाटत होतं. म्हणून मी छाती पुढं काढली, तिच्या डोळ्यांत डोळे घातले आणि खणखणीत आवाजात म्हणालो,

“जा बेटा, बिनधास्त जा. मले काहीच वाटून नाई राहिलं.”

मग टुनीचा आवाज आला.

“थाप!”

“थाप!” साठही पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. रुंजी हसली, रडली, पुन्हा हसली, आणि तशीच गाडीत चढली. टुनीनं धावत येऊन यंदाचा बैल माझ्या हातात ठेवला.

फळीवर आता पुन्हा सात बैल आहेत. त्यातला हा एकच मी खोटं बोलून जिंकलेला आहे.